बॅनर अदलाबदलीचे क्लिक आणि ॲनालिटिक्सचा आकडा जुळत नाही, दर महिन्याला तेच : पाणी नेमकं कुठे मुरतं

दर महिन्याच्या एक तारखेला माझं ठरलेलं होतं. रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा, एका टॅबमध्ये बॅनर अदलाबदलीच्या नेटवर्कचा डॅशबोर्ड, दुसऱ्यात ब्लॉगवर किती जण आले ते मोजणारं गुगल ॲनालिटिक्स, आणि मग हिशोब जुळत नाही म्हणून डोकं धरून बसायचं. नेटवर्क म्हणतंय तुमच्या बॅनरवर २१२ क्लिक झाले, ॲनालिटिक्स म्हणतंय त्यांच्याकडून ६१ जण आले. उरलेले दीडशे लोक गेले कुठे? एखादा महिना बरा जायचा, वाटायचं झालं नीट, आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

माझा ब्लॉग किल्ल्यांचा आहे, कुठल्या गावातून चढायचं, टाक्यात पाणी कधीपर्यंत टिकतं, मुक्कामाला जागा आहे का, असली माहिती. जाहिरातीला पैसे नाहीत, आणि माझ्यासारख्या बहुतेक मराठी ब्लॉगवाल्यांकडे नसतात, म्हणून आपण एकमेकांचे बॅनर लावतो, मी तुझा दाखवतो तू माझा दाखव. ही पद्धत फार जुनी आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत लिंकएक्स्चेंज सुरू झालं तेव्हा हिशोब असा होता की तुम्ही दुसऱ्यांचे दोन बॅनर दाखवले की तुमचा एक दाखवला जायचा आणि उरलेली जागा कंपनी विकायची. ते एवढं वाढलं की १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतलं. सांगायचं कारण, या व्यवहारात आपण जे देतो ते म्हणजे आपल्या पानावरची जागा आणि आपल्या वाचकाची नजर. ती फुकट नाहीये. म्हणून बदल्यात काय येतंय ते नीट मोजायलाच हवं, आणि चुकीचं मोजून चांगला जोडीदार काढून टाकला तर ते अजून वाईट. रत्नागिरीची एक ताई आहे, तिचा रेसिपींचा ब्लॉग, तिने असंच रागाने एका रात्रीत सगळे बॅनर काढून टाकले होते, नेटवर्क फसवतंय म्हणून. फसवत कोणी नव्हतं, मोजणीतच घोळ होता, आणि तिच्या आणि माझ्या घोळात बऱ्याच गोष्टी सारख्या निघाल्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नेटवर्क मोजतं ते कंडक्टरने फाडलेली तिकिटं, ॲनालिटिक्स मोजतं ते आपल्या स्टॉपवर उतरलेली माणसं. बॅनरवर बोट पडलं की ब्राउझर आधी नेटवर्कच्या सर्व्हरकडे जातो, तिथे क्लिकची नोंद होते, आणि मग तो सर्व्हर ब्राउझरला आपल्या पत्त्यावर ढकलतो. ॲनालिटिक्सची नोंद मात्र आपलं पान उघडून त्यातली स्क्रिप्ट चालली तरच होते. दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि तरीही तंतोतंत जुळणार नाहीत. प्रश्न एवढाच की मधल्या रस्त्यात किती गळती साहजिक आणि किती आपल्या चुकीने.

सगळ्यात आधी रिपोर्ट बरोबर उघडलाय का ते बघा, कारण ताईचं निम्मं दुखणं इथेच होतं. ॲनालिटिक्स ४ मध्ये ॲक्विझिशनखाली दोन रिपोर्ट आहेत, यूझर ॲक्विझिशन आणि ट्रॅफिक ॲक्विझिशन. पहिला सांगतो की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे कुठून आला होता. म्हणजे गेल्या गणपतीत कोणी गुगलवर उकडीचे मोदक शोधत ताईकडे आलं असेल आणि आज बॅनरवरून आलं असेल तर यूझरवाल्या रिपोर्टात ते गुगलच्याच नावावर दिसणार. आपल्याला हवाय ट्रॅफिकवाला, आणि त्यात सेशन सोर्स / मीडियम हा कॉलम, सेशन म्हणजे वाचकाची एक भेट. ताई वर्षभर पहिलाच रिपोर्ट बघत होती.

रिपोर्ट बरोबर असेल तर मग स्वतः क्लिक करून बघायचं, पण डोळे उघडे ठेवून. क्रोमची इनकॉग्निटो विंडो उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क नावाचा टॅब घ्या आणि त्यात प्रिझर्व्ह लॉगवर खूण करा, ही खूण विसरलात तर पान बदललं की मागचं सगळं पुसलं जातं. आता आपला बॅनर ज्या ब्लॉगवर दिसतोय तिथे जाऊन एकदाच क्लिक करा. नेटवर्कच्या नियमात टेस्ट क्लिक चालतो का ते आधी वाचून घ्या.

माझ्याकडे काय दिसलं ते जसंच्या तसं सांगतो. पहिली ओळ नेटवर्कच्या सर्व्हरची, स्टेटस ३०२, म्हणजे पुढे पाठवलं. दुसरी ओळ माझाच पत्ता पण एचटीटीपीने, एस नसलेला, स्टेटस ३०१, म्हणजे पत्ता कायमचा बदललाय, पुढे जा. तिसरी ओळ तोच पत्ता एचटीटीपीएसने पण पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नाही, परत ३०१. चौथी ओळ शेवटचा खरा पत्ता, २००, म्हणजे पान मिळालं. चार उड्या! आणि नीट बघितलं तर दुसऱ्या ओळीपर्यंत पत्त्याच्या मागे प्रश्नचिन्ह आणि माझे यूटीएमचे टॅग, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारे पत्त्याला जोडलेले शब्द, होते, तिसऱ्या ओळीत प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं गायब. एस लावणारा रीडायरेक्टचा नियम मी कधीकाळी होस्टिंगवर टाकला होता आणि तो फक्त पत्ता पुढे नेत होता, मागचे टॅग टाकून देत होता. तो नियम काही वर्षं तसाच पडून होता, बाकी कशाला त्याचा त्रास नाही त्यामुळे लक्षच गेलं नाही. टॅग गेले की ॲनालिटिक्सकडे फक्त रेफरर उरतो, आणि त्याचंही पुढे सांगतो तसं काही खरं नसतं, म्हणून माझे बरेच लोक डायरेक्टमध्ये, म्हणजे कुठून आले ते माहीत नाही अशा ढिगात, जमा होत होते.

उपाय साधा आहे. नेटवर्कच्या फॉर्ममध्ये शेवटचा खरा पत्ता टाका, एससकट, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट, शेवटची तिरकी रेघ असेल तर तीही. मधे एकही उडी नको. आणि रीडायरेक्टचा नियमही दुरुस्त करून घ्या, कारण जुने बॅनर कुठेतरी जुन्या पत्त्याने फिरत असतातच. हेच सगळं एकदा मोबाइलवरूनही बघा. ब्लॉगर वापरत असाल तर मोबाइलवर पत्त्याला शेवटी एम बरोबर एक असं शेपूट लागतं, ते दिसलं तर घाबरू नका, फक्त आकडे बघताना पेज लोकेशन न घेता पेज पाथ घ्या, त्यात प्रश्नचिन्हानंतरचं येत नाही, नाहीतर एकाच लेखाच्या दोन-दोन ओळी दिसतात आणि वाटतं लेख कोणी वाचतच नाही.

आता रेफररचं. रेफरर म्हणजे ब्राउझर आपल्याला सांगतो की हा वाचक कुठल्या पानावरून आला. हे हेडरमध्ये शोधाल तेव्हा एक आर कमी टाकून शोधा, १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ते स्पेलिंग चुकीचं गेलं आणि आजही तसंच चालू आहे. पूर्वी यात अख्खा पत्ता यायचा, आता येत नाही. २०२० मध्ये क्रोमच्या ८५ व्या आवृत्तीपासून एका साइटवरून दुसरीकडे जाताना फक्त डोमेनचं नाव पुढे जातं, कुठला लेख ते नाही. तेवढं तरी बरोबर येतं का, तर ते नेटवर्कचं विजेट, म्हणजे बॅनर दाखवणारा कोडचा तुकडा, कसं बनवलंय त्यावर आहे. विजेट आयफ्रेममध्ये, म्हणजे पानाच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पानात, असेल तर रेफरर म्हणून नेटवर्कचं डोमेन येणार, जोडीदाराचं नाही. साधी लिंक आणि मधे ३०२ असेल तर ब्राउझर मूळ पानाचंच नाव पुढे नेतो, म्हणजे जोडीदाराचं डोमेन दिसेल आणि नेटवर्कचं दिसणारच नाही. मधे जावास्क्रिप्टने ढकलणारं एखादं पान असेल तर त्या पानाचं नाव. आणि लिंकला नोरेफरर लावलेलं असेल तर काहीच नाही, सरळ डायरेक्ट. एकाच नेटवर्कवर जुनं विजेट आणि नवं विजेट दोन्ही चालू असतील तर एकाच महिन्यात हे सगळे प्रकार दिसतात, माझ्याकडे दिसले. म्हणून रेफररवर हिशोब बांधू नका, टॅगवर बांधा.

टॅग लावतात सगळे, पण बारकाव्यात मार खातात. यूटीएममधला यू म्हणजे अर्चिन, ही कंपनी गुगलने २००५ मध्ये घेतली आणि तिच्यातूनच ॲनालिटिक्स निघालं, तर हे टॅग तेव्हापासूनचे आहेत आणि त्यांच्या खोडीही. इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षर त्यांना वेगवेगळं वाटतं, बॅनर शब्द एकदा कॅपिटल बीने लिहिला आणि एकदा स्मॉलने तर दोन ओळी होणार. सगळं स्मॉलमध्येच लिहा, कायमचं. सोर्समध्ये नेटवर्कचं नाव, मीडियममध्ये फक्त बॅनर किंवा डिस्प्ले हा शब्द इंग्रजीत, दुसरं काही नको. मी हौसेने मीडियममध्ये एक्स्चेंज लिहिलं होतं, तर चॅनेलच्या रिपोर्टात ते सगळे लोक अनअसाइन्ड नावाच्या ढिगात, कारण ॲनालिटिक्सला जे ठरावीक शब्द कळतात त्यात तो नाही. कंटेंटच्या टॅगमध्ये बॅनर कुठला ते लिहा, माझ्याकडे एक कोकणकड्याचा फोटोवाला आणि एक नुसत्या अक्षरांचा असे दोन आहेत, दोघांना वेगळं नाव. जोडीदाराप्रमाणे वेगळा पत्ता देता येत असेल तर फारच उत्तम, तेव्हाच खरं कळतं कोणाकडून काय येतं. आणि हे टॅग आपल्याच ब्लॉगच्या आतल्या लिंकांना कधीही लावू नका, वाचक कुठून आला ही मूळ नोंद त्याने बिघडते.

एवढं झाल्यावर माझा फरक खूप कमी झाला, पण रोजचा आकडा तरी जुळेना. सोमवारी नेटवर्क जास्त दाखवतंय तर मंगळवारी ॲनालिटिक्स. हे निघालं घड्याळाचं. नेटवर्कचा दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. किल्ल्यांचे वाचक शुक्रवारी मध्यरात्रीनंतरच जागे असतात, उद्या कुठे जायचं ते ठरवत, म्हणजे शनिवारी रात्री एक वाजताचा क्लिक नेटवर्ककडे शुक्रवारात पडतो आणि माझ्याकडे शनिवारात. ॲनालिटिक्समध्ये प्रॉपर्टीची वेळ भारताची आहे ना तेही ॲडमिनमध्ये जाऊन बघा, खातं उघडताना तिकडे लक्ष दिलं नसेल तर ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची असू शकते. रोजचा मेळ घालूच नका, आठवड्याचा घाला, आणि आजचा-कालचा आकडा तर बघूच नका कारण ॲनालिटिक्सला सगळं पचवायला २४ ते ४८ तास लागतात. हेही लक्षात ठेवा की एकाच माणसाने अर्ध्या तासात दोनदा क्लिक केला तर नेटवर्ककडे दोन क्लिक, आपल्याकडे बहुतेक एकच सेशन.

मग वेगाचं. हे माझ्या मनाला फार लागलं. माझ्या एकेका लेखात आठ-दहा फोटो, कॅमेऱ्यातून काढलेले तसेच, एकेक चार एमबीचा. वाचक बॅनरवर क्लिक करतो, पांढरं पान बघत बसतो, कंटाळून मागे जातो. नेटवर्ककडे त्याची नोंद आहे, माझ्याकडे नाही, कारण माझी स्क्रिप्ट पानाच्या अगदी तळाशी होती आणि तिथपर्यंत गाडी पोचलीच नाही. म्हणजे हा माणूस खरोखर माझ्या दारापर्यंत आला होता. त्याच नेटवर्क टॅबमध्ये थ्रॉटलिंग म्हणून मुद्दाम वेग कमी करायची सोय आहे, तिथे ३जी निवडून आपलं पान उघडून बघा, जीव कासावीस होतो. फोटो बारीक करा, स्क्रिप्ट वर हेडमध्ये आणा. हे फक्त मोजणीसाठी नाही, वाचकासाठी करा.

जाहिरात ब्लॉकरवाले आणि ब्रेव्हसारखे ब्राउझर वापरणारे ॲनालिटिक्सला बऱ्याचदा दिसतच नाहीत, त्याला इलाज नाही. स्वतःचं होस्टिंग असेल तर सीपॅनेल या त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बऱ्याचदा एडब्ल्यूस्टॅट्स मिळतं, ते सर्व्हरच्या लॉगवरून मोजतं, तिथून अंदाज घेता येतो. ब्लॉगरवर ती सोय नाही, आणि ब्लॉगरचे स्वतःचे स्टॅट्स बॉटही, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्रामही, मोजतात आणि तुम्ही बंद केलं नसेल तर तुमच्या स्वतःच्या भेटीही, त्यामुळे तो आकडा बघून खूश होऊ नका.

बॉटची गोष्ट निघालीच तर. शहरांच्या यादीत ॲशबर्न किंवा बोर्डमन दिसलं की लोक लगेच म्हणतात बॉट, कारण तिथे ॲमेझॉनची मोठी डेटा सेंटर आहेत. बोर्डमनबद्दल मीही तेच म्हणेन, ओरेगनमधलं छोटं गाव आहे ते. पण व्हर्जिनियातल्या ॲशबर्नच्या आसपास भारतीय भरपूर राहतात, त्यात मराठी घरंही आहेत, आणि सुट्टीत गावी आल्यावर कुठला किल्ला करायचा हे तिथे बसून वाचणारे खरोखर असतात. म्हणून शहरावरून नाव खोडू नका, वेळ बघा. एकाच मिनिटात वीस सेशन, सगळी शून्य सेकंदाची, तर बॉट. तीन-चार मिनिटं थांबून दुसरं पान उघडलं तर तो माणूस आहे, त्याला मोजा.

आता खरा मुद्दा, आणि यासाठीच मी एवढं लिहायला बसलो. समजा आकडे जुळले. २१२ पैकी १८० आले. ते वाचायला आले का? अदलाबदलीत क्लिक करणारा बऱ्याचदा दुसरा ब्लॉगवालाच असतो, आणि जिथे क्लिकला क्रेडिट, म्हणजे बदल्यात आपला बॅनर दाखवून घ्यायचा हक्क, मिळतं तिथे तो क्रेडिटसाठी आलेला असतो. त्यात त्याचंही काही चुकत नाही, त्यालाही वाचक हवे आहेत. पण ॲनालिटिक्स इथे आपल्याला मस्त चकवतं. सेशन दहा सेकंदांपेक्षा जास्त चाललं की ते त्याला एंगेज्ड म्हणतं. आणि काही नेटवर्क क्रेडिट द्यायच्या आधी वीस-तीस सेकंदांचा टायमर लावतात! म्हणजे पान उघडून नुसता टायमरकडे बघत बसलेला प्रत्येक जण एंगेज्ड, आणि बाउन्स रेट झकास कमी, कारण ॲनालिटिक्स ४ मध्ये बाउन्स म्हणजे एंगेज्ड नसलेली सेशनं एवढंच. मी या आकड्यावर दोन महिने खूश होतो आणि चुकीच्या जोडीदाराला जास्त जागा देत होतो.

याला दोन गोष्टी करा. डेटा स्ट्रीममध्ये जाऊन टॅग सेटिंग उघडा, तिथे सेशन टाइमआउटच्या पानावर एंगेज्ड सेशनचा टायमर आहे, तो १० वरून ६० सेकंदांवर न्या. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची, वाचणारा माणूस जे करतो आणि क्रेडिटवाला करत नाही अशी एक कृती शोधून तीच मोजा. ॲनालिटिक्सची एनहान्स्ड मेझरमेंट नावाची सोय चालू असेल तर पानाच्या ९० टक्क्यांपर्यंत खाली गेलं की स्क्रोलची नोंद आपोआप होते, फाइल डाउनलोडचीही होते. माझ्याकडे प्रत्येक लेखाखाली जीपीएसवर वाट दाखवणारी जीपीएक्स फाइल असते, जो खरंच जाणार आहे तोच ती उतरवतो, पण तिची नोंद शून्य येत होती. कारण त्या आपोआप ओळखायच्या प्रकारांत पीडीएफ आहे, झिप आहे, जीपीएक्स नाही. फाइल झिप करून ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून नोंदी दिसायला लागल्या. ताईने सामानाच्या यादीची छोटी पीडीएफ केली, तिची तीच खूण.

ही खूण लावून जोडीदाराप्रमाणे बघितलं तेव्हा चित्रच पालटलं. सगळ्यात जास्त क्लिक देणाऱ्या एका तांत्रिक टिपांच्या ब्लॉगवरून महिन्याभरात एकानेही फाइल उतरवली नव्हती, आणि एक पक्ष्यांचा ब्लॉग, महिन्याला जेमतेम चौदा क्लिक देणारा, त्यातल्या पाच जणांनी उतरवली होती. मी तो चौदावाला काढायच्या बेतात होतो.

अजून दोन गोष्टी, लगेच करून टाका. ॲनालिटिक्समध्ये डेटा रिटेन्शन, म्हणजे डेटा किती काळ ठेवायचा ते, मुळात दोन महिन्यांवर असतं, ते १४ महिने करा, नाहीतर एक्सप्लोरेशन नावाच्या रिपोर्टात गेल्या पावसाळ्याशी हा पावसाळा ताडून बघता येणार नाही, आणि गेलेला डेटा नंतर परत मिळत नाही. दुसरं, ॲडसेन्स म्हणजे गुगलच्या पैसे देणाऱ्या जाहिराती लावल्या असतील तर फार जपून. क्लिकच्या बदल्यात क्लिक किंवा आपोआप पानं फिरवणाऱ्या सेवांकडून येणारा ट्रॅफिक त्यांच्या नियमात चालत नाही, खातं जाऊ शकतं. एकमेकांचे बॅनर साधेपणाने लावणं वेगळं आणि क्रेडिटसाठी क्लिक गोळा करणं वेगळं, तुमचं नेटवर्क यातलं कुठलं ते आधी ठरवा, आणि दुसऱ्या प्रकारातलं असेल तर ॲडसेन्सवाल्या ब्लॉगवर ते नकोच.

एवढं करूनही माझ्याकडे थोडा फरक राहतो, शंभर क्लिकमागे वीस-बावीस लोक ॲनालिटिक्समध्ये येत नाहीत. तो ब्लॉकरचा, मधेच परतणाऱ्यांचा आणि दोनदा क्लिक करणाऱ्यांचा आहे असं धरून मी सोडून देतो. एखाद्या महिन्यात हा आकडा अचानक चाळीसच्या वर गेला तरच परत एफ१२ उघडून उड्या मोजतो, आणि गेल्या खेपेला पत्त्यातच काहीतरी बदललेलं सापडलं, नवी थीम टाकताना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू उडालं होतं. ताईने बॅनर परत लावलेत, पण आता तीनच, आणि तिघांचे पत्ते वेगळे.